बाळाचे व्हिटॅमिन डी ड्रॉप्स: बाटली, मात्रा आणि 'इम्युनिटी'चा दावा

व्हिटॅमिन डीच्या ड्रॉप्सच्या खोक्यावर दोन दावे हमखास छापलेले असतात. एक हाडांचा, दुसरा 'इम्युनिटी'चा. हाडांचा दावा पक्का आहे. इम्युनिटीचा दावा अर्धवट खरा आहे, आणि ज्यांचं मूल सारखं सर्दी-खोकल्याने आजारी पडतं ते आईबाप बाटली घेतात ती नेमका तोच वाचून. त्यामुळे या परीक्षणात दोन्ही गोष्टी तपासायच्या आहेत: बाटली रोजच्या वापरात कशी आहे, आणि छातीच्या आजारांपासून ती खरंच किती वाचवते.

निकाल आधीच सांगून टाकतो. अंगावर पिणाऱ्या प्रत्येक बाळाला पहिल्या काही दिवसांपासून रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) द्यावं, यात आम्हाला शंका नाही. त्यासाठी सगळ्यात सुरक्षित बाटली म्हणजे जिच्यासोबतचं माप काठोकाठ भरलं तरी ४०० आययूच्या वर जात नाही ती. सर्दी-खोकला कमी व्हावा एवढ्याच अपेक्षेने मात्रा वाढवणं मात्र चुकीचं आहे.

लेबल वाचताना

४०० आययू म्हणजे १० मायक्रोग्रॅम. एका मायक्रोग्रॅमचे ४० आययू होतात. काही बाटल्यांवर फक्त आययू असतं, काहींवर फक्त मायक्रोग्रॅम, आणि घोळ इथूनच सुरू होतो. '१०' हा आकडा बघून दहा थेंब देणारे लोक आहेत. बाटली घरी आणली की पहिलं काम एकच: 'किती मिलीत (किंवा किती थेंबांत) किती आययू' ही ओळ शोधायची आणि ती पेनाने ठळक करून ठेवायची. ती ओळ सापडत नसेल, किंवा नुसतंच 'रोज एक ड्रॉपर' असं लिहिलं असेल, तर ती बाटली घेऊ नये.

वर्षाच्या आतल्या बाळाला रोज ४०० आययू ही मात्रा अमेरिकन बालरोग अकादमीने २००८ मध्ये ठरवली. त्याआधी ती २०० होती. मुडदूस (हाडं मऊ होण्याचा आजार) रोखण्यासाठी २०१६ मध्ये निघालेल्या जागतिक सहमतीतही पहिल्या वर्षासाठी ४००च आहे. एक वर्षानंतरची गरज अमेरिकेच्या शिफारशीनुसार ६०० आययू धरतात, पण त्यात खाण्यातून मिळणारंही मोजलेलं असतं. दिवसाची वरची मर्यादा सहा महिन्यांपर्यंत १,०००, सहा ते बारा महिने १,५०० आणि एक ते तीन वर्षं २,५०० आययू. डॉक्टरांनी कमतरतेवर उपचार म्हणून जास्त मात्रा लिहून दिली तर ती गोष्ट वेगळी. ती ठरावीक मुदतीची असते आणि तिच्यावर लक्ष ठेवलं जातं.

ड्रॉप्स लागतातच का, याचं उत्तर आईच्या दुधात आहे. बाकी सगळ्या बाबतीत ते उत्तम असलं तरी व्हिटॅमिन डी त्यात फार थोडं असतं. एका लिटरमध्ये साधारण ८० आययूपेक्षाही कमी. फॉर्म्युल्यात (बाळाच्या पावडरच्या दुधात) ते घातलेलं असतं, त्यामुळे दिवसाला जवळपास एक लिटर फॉर्म्युला पिणाऱ्या बाळाला वेगळे ड्रॉप्स सहसा लागत नाहीत. (ब्रिटनमध्ये ही रेषा दिवसाला ५०० मिलीवरच ओढली आहे, कारण तिथे हिशोब वेगळा धरतात.) उन्हाचा पर्याय लहान बाळासाठी कामाचा नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये असाच सल्ला आहे, आणि बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण नसतातच. काच ते अडवते.

तीन प्रकारच्या बाटल्या

पहिला प्रकार: एका मिलीत ४०० आययू, सोबत १ मिलीचा ड्रॉपर किंवा तोंडाने द्यायची सिरिंज. आमची पहिली पसंती हीच. माप पूर्ण भरलं तरी दिवसाची मात्रा ओलांडली जात नाही. आजी, आजोबा, पाळणाघरातली ताई, कोणीही दिलं तरी चूक होणं अवघड. त्रास एवढाच की नवजात बाळाला एक मिली गोड द्रव एकदम नको होतो आणि ते अर्धं बाहेर काढतं. त्यासाठी सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला लावून पाव-पाव मिली करत, प्रत्येक घोट गिळू देत द्यायचं. जिभेच्या मागच्या टोकावर जोरात सोडलं की ठसका लागतो. ड्रॉपर आणि सिरिंज दोन्ही उपलब्ध असतील तर सिरिंज घ्या. रबरी फुग्याच्या ड्रॉपरमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो आणि रेषा काय दाखवते ते कळत नाही. सिरिंज उभी धरून टिचकी मारली की बुडबुडा वर येतो, तो काढून टाकता येतो.

दुसरा प्रकार: एका मिलीत ८०० आययू, मात्रा अर्धा मिली. बाटली जास्त दिवस पुरते, बाळाच्या पोटात द्रव कमी जातो. पण सोबतच्या ड्रॉपरवर बऱ्याचदा पूर्ण एक मिलीपर्यंत खुणा असतात, आणि हाच धोका आहे. अपुऱ्या झोपेत मध्यरात्री अर्ध्या मिलीची रेषा नीट दिसत नाही. एखाद्या दिवशी दुप्पट गेलं तर काही बिघडत नाही. रोजच जात राहिलं तर मात्र मर्यादेच्या अगदी जवळ जातो. अशी बाटली घरात असेल तर अर्ध्या मिलीच्या खुणेवर रंगीत टेप गुंडाळावी, किंवा औषधांच्या दुकानातून ०.५ मिलीची वेगळी सिरिंज आणावी.

तिसरा प्रकार: एका थेंबात ४०० आययू. दिसायला सगळ्यात सोपा, आणि चुकला तर सगळ्यात महागात पडणारा. तेलातल्या अशा थेंबाचं आकारमान साधारण ०.०२८ मिली असतं. म्हणजे एका मिलीत पस्तीसच्या आसपास थेंब, आणि त्या एका मिलीत सुमारे १४,००० आययू. या बाटलीतला द्रव दुसऱ्या औषधाच्या १ मिलीच्या ड्रॉपरने दिला तर काय होईल ते यावरून लक्षात यावं. हा केवळ कल्पनेतला धोका नाही. एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने जून २०१० मध्ये नेमक्या याच कारणासाठी इशारा काढला होता: काही उत्पादनांसोबतचे ड्रॉपर बाळाला लागते त्यापेक्षा बरंच जास्त औषध ओढू शकत होते. बाळांसाठीच्या ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा जास्त मावूच नये, असं त्यांनी तेव्हा उत्पादकांना सुचवलं.

तरीही एक-थेंब बाटलीचा एक मोठा फायदा आहे. थेंब स्तनाग्रावर किंवा स्वच्छ चोखणीवर सोडायचा, बाळ अर्धा मिनिटभर चोखत राहिलं की काम झालं. चव नाही, ठसका नाही. ज्या घरात औषध देणारी व्यक्ती एकच आहे आणि ती लेबल वाचणारी आहे, तिथे हा प्रकार उत्तम. बाटली मात्र बुचातल्या प्लॅस्टिकच्या तोंडातून आपोआप थेंब पडणारीच हवी. रबरी फुग्याच्या ड्रॉपरची नको.

थेंब पाडण्याचीही एक पद्धत आहे. बाटली सरळ उलटी धरायची की तिरकी, हे तोंडाच्या रचनेवर ठरतं, आणि कोनाप्रमाणे थेंबाचा आकार बदलतो. लेबलवर जो कोन सांगितला असेल तोच ठेवा. थंडीत तेल दाट होतं, थेंब लवकर सुटत नाही आणि माणूस बाटली झटकायला लागतो. मग एकाऐवजी तीन पडतात. बाटली मुठीत दोन मिनिटं धरून कोमट करा आणि उलटी धरून थांबा. आधी चमच्यावर थेंब पाडून मग देणं बरं वाटतं, पण तेलाचा बराच भाग चमच्यालाच चिकटून राहतो. त्यापेक्षा स्वच्छ धुतलेल्या बोटाच्या टोकावर घेऊन बाळाला चोखू द्यावं. थेट तोंडावर बाटली धरायची नाही: किती थेंब पडले ते दिसत नाही, आणि बाटलीचं तोंड लाळेला लागून आतला द्रव खराब होतो.

दुधाच्या बाटलीत ड्रॉप्स मिसळण्याची सवय आम्हाला पटत नाही. व्हिटॅमिन डी तेलात विरघळणारं आहे. ते बाटलीच्या भिंतीला आणि निपलला चिकटतं. वर बाळाने दूध अर्धवट सोडलं की नेमकं किती पोटात गेलं ते कोणालाच सांगता येत नाही.

आत काय आहे

डी३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल असलेली बाटली घ्यावी. डी२ही चालतं, पण रक्तातली पातळी टिकवण्यात डी३ सरस आहे. बाकी घटकांची यादी जितकी छोटी तितकं चांगलं. तेल आणि डी३ एवढंच असलेल्या बाटल्या मिळतात. पाण्यातल्या ड्रॉप्समध्ये ते मिसळून राहावं म्हणून पॉलिसॉर्बेट, शिवाय ग्लिसरीन, गोडवा, स्वाद आणि टिकवण्यासाठीची रसायनं येतात. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याने सहसा काही होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र बाटली आणि मात्रा दोन्ही नवजात शिशू तज्ज्ञांनीच ठरवावीत.

व्हिटॅमिन ए आणि डी एकत्र असलेले किंवा मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स वापरत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डी कमी पडतंय म्हणून त्याच बाटलीची मात्रा दुप्पट करायची नाही, कारण व्हिटॅमिन एही दुप्पट जातं आणि जास्तीचं ए यकृतात साठतं. माशाच्या यकृताच्या तेलाचंही तेच. आणि घरात दोन वेगवेगळ्या बाटल्या चालू असतील तर दोन्हींतल्या डीची बेरीज करा. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या सिरपमध्येही डी असतं, ते बहुतेक जण मोजत नाहीत.

लेबलवर आहे तेवढंच आत असतं का? दर वेळी नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांमध्ये लेबलवरच्या मात्रेच्या ९ टक्क्यांपासून १४६ टक्क्यांपर्यंत डी सापडलं होतं. म्हणून स्वतंत्र संस्थेने तपासल्याचा शिक्का असलेलं किंवा औषध म्हणून परवाना घेतलेलं उत्पादन घ्यावं, पूरक आहार म्हणून विकलं जाणारं नव्हे. बाटली गडद रंगाची हवी, प्रकाशात व्हिटॅमिन डी खराब होतं. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि उघडल्यानंतर किती महिने चालते ते पाळा. खोक्यावरची एक्स्पायरी न उघडलेल्या बाटलीची असते.

गमीज (चघळायच्या मऊ, गोड व्हिटॅमिन गोळ्या) चार वर्षांच्या आतल्या मुलांना नकोत. घशात अडकतात, आणि चवीला खाऊसारख्या असल्याने हाती लागलेली डबी मूल रिकामी करू शकतं. स्प्रे मोठ्या मुलांना ठीक आहे. बाळाच्या तोंडात फवारा नेमका कुठे गेला ते कळत नाही.

सर्दी, खोकला, न्यूमोनिया

या दाव्याला आधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप स्वतः तयार करू शकतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतूनाशक प्रथिन बनवतात. दुसरा दुवा अधिक थेट आहे. मुडदूस झालेल्या मुलाच्या फासळ्या मऊ असतात. श्वास घेताना त्या आत ओढल्या जातात, स्नायू अशक्त असतात, खोकून कफ बाहेर काढण्याची ताकद नसते. इथिओपियात आदिस अबाबामध्ये झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूमोनियाच्या ५०० बालरुग्णांपैकी २१० जणांना मुडदूस होता. न्यूमोनिया नसलेल्या ५०० मुलांमध्ये तो फक्त २० जणांना होता. गंभीर कमतरता आणि छातीचे आजार एकत्र नांदतात, यात वाद नाही.

वाद आहे तो ड्रॉप्स दिल्याने आजार टळतो का यावर. मंगोलियात हिवाळ्यात शाळकरी मुलांना रोज ३०० आययू घातलेलं दूध दिलं, तेव्हा पालकांनी नोंदवलेले श्वसनाचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. पण त्या मुलांची सुरुवातीची पातळी ७ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास, म्हणजे फारच खालची होती. जपानमध्ये रोज १,२०० आययू घेणाऱ्या १६७ मुलांपैकी १८ जणांना इन्फ्लुएंझा ए झाला, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या तेवढ्याच मुलांपैकी ३१ जणांना. इथपर्यंतचे आकडे जाहिरातीत शोभतील असे आहेत.

आता दुसरी बाजू. काबूलमध्ये तीन हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी एकदम १ लाख आययूचा डोस दिला. पहिल्या न्यूमोनियाचं प्रमाण कमी झालं नाही. टोरांटोत एक ते पाच वर्षांच्या ७०३ मुलांना हिवाळाभर रोज २,००० किंवा ४०० आययू दिलं; दोन्ही गटांत मुलामागे प्रयोगशाळेत सिद्ध झालेली सर्दी जवळपास सारखीच, १.०५ आणि १.०३. पाचपट मात्रेने काहीही जास्त मिळालं नाही. आमच्या मते पालकांनी लक्षात ठेवावा असा हाच एक आकडा. तिथल्या बहुतेक मुलांची पातळी आधीच पुरेशी होती, आणि भरलेल्या टाकीत आणखी पाणी ओतून नळाचा जोर वाढत नाही.

सगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेले निष्कर्षही वर्षांगणिक उतरत गेले. २०१७ मध्ये २५ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात फायदा स्पष्ट दिसला. तो मुख्यतः खूप कमतरता असलेल्यांना, आणि रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांना. २०२१ मध्ये ४३ चाचण्या धरल्यावर तो लहान झाला. २०२५ मध्ये ६४ हजारांहून अधिक लोकांची माहिती धरली, तेव्हा उरलेला फरक इतका किरकोळ होता की तो योगायोगही असू शकतो.

यातून खरेदीपुरता अर्थ असा निघतो. मुलाला खरी कमतरता असेल तर ती भरून काढावीच, छातीसाठीही आणि हाडांसाठीही. रोजची छोटी मात्रा द्यावी. निरोगी मुलाला महिन्या-तीन महिन्यांनी स्वतःच्या मनाने मोठा डोस देण्यात काही हशील नाही. आणि पातळी पुरेशी असलेल्या मुलाला पाळणाघरात जायला लागल्यावर वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणारच. ती बाटलीने थांबणार नाही. 'इम्युनिटी' लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या बाटलीत डी३ तेच असतं. न्यूमोनियाविरुद्ध खरी ताकद न्यूमोकॉकल, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी हा जंतू), गोवर आणि फ्लूच्या लसींची, अंगावरच्या दुधाची आणि घरातला धूर बंद करण्याची आहे.

तपासणी आणि जास्तीचे दुष्परिणाम

४०० आययू सुरू करायला रक्ततपासणी लागत नाही. पायाला बाक, मनगटं रुंद होणं, चालायला किंवा दात यायला उशीर, कॅल्शियम कमी होऊन आकडी येणं, किंवा आकडीची काही औषधं दीर्घकाळ चालू असणं, अशा वेळी डॉक्टर ती करायला सांगतात. तपासायचं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची तपासणी कमतरता शोधायला उपयोगाची नाही, कारण कमतरता असूनही ती बरोबर किंवा वाढलेली येऊ शकते. रिपोर्टमधलं एकक बघा. २० नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे ५० नॅनोमोल प्रति लिटर, आणि तेवढी पातळी पुरेशी धरतात. १२ (म्हणजे ३० नॅनोमोल) च्या खाली कमतरता. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकक न बघता ताडून पाहिल्याने 'पातळी अडीचपट वाढली' असा गैरसमज होतो.

जास्तीच्या डीने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. बाळ दूध कमी पितं, उलट्या करतं, बद्धकोष्ठ होतं, खूप लघवी करतं, मरगळून पडतं. पुढे मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं. काही मुलांमध्ये डी मोडून टाकणारं एन्झाइम जन्मतःच नीट काम करत नाही, त्यांना नेहमीच्या मात्रेनेही हा त्रास होऊ शकतो. म्हणून घरात लहान वयात मूतखडा झालेलं कोणी असेल तर ड्रॉप्स सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. चुकून बरंच जास्त गेलं असं वाटलं तर ड्रॉप्स थांबवा आणि बाटली, ड्रॉपर दोन्ही घेऊनच डॉक्टरांकडे जा. 'थोडंसं जास्त' म्हणजे किती आययू हे त्यावरूनच काढता येतं. एखाद्या दिवशी द्यायचं राहिलं तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

मूल खोकल्याने आजारी असताना ड्रॉप्स चालू ठेवायला हरकत नाही, पण उपचार म्हणून वाढवू नका. चालू न्यूमोनियात अँटिबायोटिकसोबत व्हिटॅमिन डी दिल्याने मूल लवकर बरं होतं, असं खात्रीने दिसलेलं नाही. तेव्हा बाटलीकडे नव्हे, छातीकडे बघा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा मूल पाणी-दूध घेत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.